तिसरा माणूस आत आला की

पहिल्या चाचणीला मी आणि सांगलीची मावशी, दोघंच होतो. चित्र लख्ख, आवाज खणखणीत. भाड्यानं घेतलेल्या लहानशा उबंटू सर्व्हरवर अर्ध्या तासात व्हिडिओ कॉलसाठी स्वतःचं 'जित्सी मीट' उभं केलं, म्हणून मी स्वतःवर खूश. तेवढ्यात मामा आत आला आणि सगळ्यांचे चेहरे गायब. मामा बाहेर पडला की चेहरे हजर. पुन्हा आला की काळोख. शेवटी त्यानं फोन करून विचारलं, "मी पनवती आहे का रे?"

मामा बिचारा निर्दोष होता. घोळ माझाच होता, आणि तो शोधताना जे कळलं त्यानं माझी झोप उडवली.

दोघंच बोलत असतील तर जित्सीचा सर्व्हर लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा वागतो. दोन्ही ब्राउझर आपापल्या घरच्या राउटरमागे दडलेले. बाहेरून आपला पत्ता कसा दिसतो हेच त्यांना ठाऊक नसतं. तो बाहेर विचारून कळला की सर्व्हर पत्त्यांची देवाणघेवाण करून देतो आणि बाजूला होतो. जमलं, तर चित्र थेट सांगलीहून माझ्याकडे येतं. म्हणजे मी ज्याचं कौतुक करत होतो तो सर्व्हर तोवर जवळपास रिकामाच बसला होता!

तिसरा आला की मात्र 'व्हिडिओब्रिज' नावाचा भाग कामाला लागतो. त्याला १०००० क्रमांकाचं यूडीपी पोर्ट उघडं लागतं. मी फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ उघडली होती, हे मात्र उघडायला विसरलो होतो. यूडीपीच का? तर त्यात हरवलेलं पाकीट परत मागत बसण्याची सक्ती नसते. बोलण्यात अर्ध्या सेकंदापूर्वीचा चेहरा म्हणजे शिळा चेहरा; गेला तर जाऊ दे.

आता खरी गंमत. आठ जण एकमेकांना थेट चित्र पाठवू लागले तर प्रत्येकाला सात प्रती पाठवाव्या लागतील. घरच्या इंटरनेटचा जीव जाईल. एक जुना उपाय म्हणजे मधल्या यंत्रानं सगळी चित्रं उलगडायची, एकत्र कालवायची आणि पुन्हा आवळून पाठवायची. त्याला दांडगा प्रोसेसर लागतो. ब्रिज यातलं काहीच करत नाही. आठ प्रवाह आत, छप्पन्न बाहेर, आणि एकही चित्र न उलगडता. शिवाय ब्राउझर तुमचा चेहरा सहसा ७२०, ३६० आणि १८० ओळींच्या वेगवेगळ्या आकारांत पाठवू शकतो. ज्याच्या पडद्यावर तुम्ही मोठे आहात त्याला ब्रिज मोठा आकार देतो, कोपऱ्यात आहात त्याला धाकटा. सॉर्टिंगला बसलेल्या टपाल कर्मचाऱ्याचं काम, फक्त सेकंदाला हजारो पाकिटांचं.

एक बारकावा मात्र आहे. वाटेत चित्राला एन्क्रिप्शनचं कुलूप असतं, पण ब्रिजवर ते उघडून दुसरं लावलं जातं. म्हणून ब्रिज कोणाच्या ताब्यात आहे याला महत्त्व. मला तो स्वतःच्या ताब्यात हवा होता, एवढंच या खटाटोपाचं कारण.

जित्सीचा प्रकल्प २००३ मध्ये एमिल इव्होव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये सुरू केला, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. 'जित्सी' नंतरचं. बल्गेरियनमध्ये त्याचा अर्थ तारा. आकाशातल्या नव्हे, खांबावरच्या.

पोर्ट उघडलं. माझ्या चौकटीवरच्या सिग्नलच्या पट्ट्यांवर क्लिक करून मी तपशील उघडा ठेवला. तिथे मावशीच्या राउटरचा पत्ता दिसत होता. मामा आत आला. मावशीचा चष्मा क्षणभर धूसर झाला, परत स्वच्छ झाला, आणि त्या पत्त्याच्या जागी माझ्या सर्व्हरचा पत्ता आला, शेजारी १००००.

"आता दिसतोय का?" मामानं विचारलं.