ते मधलं '२अब' कुठून आलं?

आपल्या कॉलेजातल्या कुणालाही मध्यरात्री झोपेतून उठवून विचारा, "अ अधिक ब, कंसाचा वर्ग?" तो डोळे न उघडता सांगेल, "अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग," आणि पांघरूण ओढून परत झोपेल. इथपर्यंत ठीक आहे. आता पुढचा प्रश्न विचारा, "ते मधलं दोन अब कुठून आलं?" मी हा प्रश्न आमच्या विंगमधल्या मुलांना विचारून पाहिला. दोघांनी कंसाला कंसाने गुणून दाखवलं. एक जण म्हणाला, "सूत्रच आहे ते, त्यात कुठून काय?" बाकीच्यांनी एम-थ्रीच्या पेपरची आठवण काढून विषय बदलला.

लाप्लास ट्रान्सफॉर्म करणाऱ्यांनी सातवी-आठवीची सूत्रं कशाला उगाळायची, असं तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी किंवा शेजारी कुणीतरी आठवीत असतंच. सुट्टीत घरी गेलं की बॅग ठेवायच्या आत हुकूम सुटतो, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, जरा हिचं गणित बघ." त्या अर्ध्या तासात आपण काय सांगतो, यावर त्या पोरीचं गणिताशी जमणार की बिनसणार हे पुष्कळदा ठरतं.

आमच्या मेसच्या काकूंचा मुलगा आठवीत आहे. चाचणीत त्याला वीसपैकी चार मार्क पडले. त्याच्या शिकवणीच्या सरांनी सूत्र पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं होतं. त्याने ते लिहिलंही. मी वही पाहिली, पन्नास ओळी, एकही चूक नाही. आणि दोन पानं उलटल्यावर त्याच वहीत, त्याच अक्षरात: (क्ष + ५)² = क्ष² + २५. काकूंनी निकाल देऊन टाकला होता, "याच्या डोक्यात गणित नाहीच रे. दहावी झाली की गल्ल्यावर बसवते त्याला." वाईट याचं वाटलं, की पोरगाही मान डोलावत होता.

आता ही चूक नीट बघा. ती वेडगळ नाही. २(अ + ब) म्हणजे २अ + २ब, हे तो शिकलाय. तिथे बाहेरचा दोन आत जाऊन दोघांना मिळतो. (अब)² म्हणजे अ²ब², हेही तो शिकलाय. तिथे वर्ग दोघांना मिळतो. मग (अ + ब)² मध्येही वर्ग दोघांना वाटून दिला तर त्याचं काय चुकलं? उलट त्याने विचार केला. फक्त हा नियम बेरजेच्या वर्गाला लागत नाही, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. पन्नास वेळा लिहून हात दुखतो, पण हे दिसत नाही.

म्हणून पहिली पायरी अक्षरांची नाही, आकड्यांची. मी त्याला म्हटलं, अ म्हणजे ३ आणि ब म्हणजे ४ घे. (३ + ४)² म्हणजे ७², म्हणजे ४९. आणि ३² + ४² म्हणजे ९ + १६, म्हणजे २५. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, चोवीस कमी पडतात." मी म्हटलं, "मग शोध, ते चोवीस कुठे गेले."

दुसरी पायरी, चौकटीचा कागद. ७ घरं लांब, ७ घरं रुंद असा चौरस काढायचा. वरच्या बाजूवर डावीकडून ३ घरांवर खूण करून खालपर्यंत उभी रेघ मारायची. डाव्या बाजूवर वरून ३ घरांवर खूण करून आडवी रेघ मारायची. चौरसाचे चार तुकडे झाले. वर डावीकडे ३ × ३ चा चौरस, म्हणजे ९ घरं. खाली उजवीकडे ४ × ४ चा चौरस, १६ घरं. आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत दोन आयत, प्रत्येकी ३ × ४, म्हणजे १२ घरांचे. बारा दुणे चोवीस. हरवलेले चोवीस सापडले! आता ३ च्या जागी अ आणि ४ च्या जागी ब लिहा:

(अ + ब)² = अ² + २अब + ब²

मधलं २अब म्हणजे ते दोन आयत. बस. युक्लिडच्या 'एलिमेंट्स' ग्रंथाच्या दुसऱ्या भागातलं चौथं प्रमेय म्हणजे नेमकी हीच आकृती. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं हे चित्र अजून एका चौकटीच्या पानावर मावतं.

याच चित्रात आणखी एका चुकीचा इलाज आहे. (२क्ष + ३)² सोडवताना मुलं पहिलं पद २क्ष² लिहितात. त्यांना सांगायचं, २क्ष बाजूचा चौरस काढ आणि त्यात क्ष बाजूचे चौरस किती बसतात ते मोज. चार बसतात. म्हणून ४क्ष². मग पूर्ण उत्तर ४क्ष² + १२क्ष + ९.

वजाबाकीचं सूत्र मुलांना जास्त छळतं, कारण त्यात 'वजा' आहे आणि तरी शेवटी 'अधिक ब वर्ग' येतो. (८ − ३)² घ्या. ८ × ८ च्या चौरसाच्या उजव्या बाजूने ३ घरं रुंदीची पट्टी रंगवा. ती ८ × ३, म्हणजे २४ घरं. आता खालच्या बाजूने तशीच पट्टी रंगवा, पुन्हा २४. न रंगवलेला भाग ५ × ५, म्हणजे २५ घरं. पण हिशेब केला तर ६४ − २४ − २४ म्हणजे १६ च येतात! कारण खालचा उजवा कोपरा दोन्ही पट्ट्यांत आहे. ती ३ × ३ ची ९ घरं आपण दोनदा वजा केली. एकदा परत द्यायला हवीत: १६ + ९ = २५.

(अ − ब)² = अ² − २अब + ब²

शेवटचा अधिक ब² म्हणजे दोनदा कापलेल्या कोपऱ्याची परतफेड.

तिसरं सूत्र कात्रीचं आहे. अ बाजूचा कागदी चौरस घ्या आणि त्याच्या एका कोपऱ्यातून ब बाजूचा चौरस कापून टाका. उरलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ अ² − ब². त्याचा आकार काटकोनी बांधासारखा. आता आतल्या कोपऱ्यापासून सरळ रेषेत कापून त्याचे दोन आयत करा. एक आयत अ लांब, दुसरा ब लांब, आणि रुंदी दोघांचीही अ − ब. रुंदी सारखी, म्हणून ते टोकाला टोक लावून जोडता येतात. जोडल्यावर एकच आयत मिळतो, लांबी अ + ब, रुंदी अ − ब.

अ² − ब² = (अ + ब)(अ − ब)

हे करताना मुलांच्या हातात कात्री द्या. आपण कापून दाखवलं तर ती जादू होते, त्यांनी कापलं तर गणित होतं.

आता कुणी म्हणेल, चित्रं ठीक आहेत, पण उपयोग काय? याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. लीलावतीत वर्ग काढण्याच्या रीती सांगितल्यावर ते उदाहरण देतात: ९, १४, २९७ आणि १०००५ यांचे वर्ग सांगा. गंमत अशी, की २९७ ला ते 'तीनशेत तीन कमी' म्हणतात आणि १०००५ ला 'दहा हजारांवर पाच'. म्हणजे प्रश्नातच उत्तराची वाट आहे! करून बघा:

२९७² = (३०० − ३)² = ९०००० − १८०० + ९ = ८८२०९

१०००५² = (१०००० + ५)² = १००००००००० नव्हे, शून्यं नीट मोजा, १०००००००० + १००००० + २५ = १००१०००२५

आणखी एक रीत तिथे आहे. ज्याचा वर्ग हवा त्यात सोयीची एक संख्या मिळवा, तीच संख्या त्यातून वजा करा, दोघांचा गुणाकार करा आणि सोयीच्या संख्येचा वर्ग मिळवा. १४ चा वर्ग? ४ घ्या. १८ × १० = १८०, अधिक १६, झाले १९६. हे आपलं कात्रीचं सूत्रच, फक्त ब² पलीकडच्या बाजूला नेलेला. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केल्याचं त्यात कोरलंय. ग्रंथ पूजेला ठेवायला नव्हे, शिकवायला!

घनाच्या सूत्रासाठी कागद पुरत नाही. मी कपडे धुवायच्या साबणाचा घन कापला. (काकू दोन दिवस बोलत नव्हत्या.) बाजू ५ सेंटिमीटर, खूण ३ आणि २ वर. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी एकेक काप दिला की आठ तुकडे पडतात. एक मोठा घन ३ × ३ × ३ म्हणजे २७. तीन वड्या ३ × ३ × २, प्रत्येकी १८, एकूण ५४. तीन कांड्या ३ × २ × २, प्रत्येकी १२, एकूण ३६. आणि एक छोटा घन ८. बेरीज १२५, म्हणजे ५ चा घन.

(अ + ब)³ = अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³

ते दोन '३' आता पाठ करावे लागत नाहीत. तीन वड्या आणि तीन कांड्या.

आणि आपल्या कामाचं म्हणाल, तर ही सूत्रं आपला पिच्छा सोडत नाहीत. वर्कशॉपमध्ये सळईचा व्यास मोजताना १ टक्का चूक झाली तर क्षेत्रफळात साधारण २ टक्के का येते? कारण (१ + ०.०१)² = १ + ०.०२ + ०.०००१. शेवटचा छोटा कोपरा नगण्य, पण दोन पट्ट्या आहेतच. पाइपच्या काटछेदाचं क्षेत्रफळ काढताना बाहेरच्या आणि आतल्या त्रिज्येचे वर्ग वेगवेगळे काढायची गरज नाही. त्रिज्यांची बेरीज गुणिले फरक गुणिले पाय, काम झालं. कॉम्प्युटरवाल्यांसाठी आणखी एक. समजा यंत्र पाचच अंक ठेवतं. १०००१² मधून १००००² वजा करायला सांगितलं, तर पहिला वर्ग १०००२०००१ चा १०००२०००० होतो आणि उत्तर २०००० येतं. त्याऐवजी बेरीज गुणिले फरक केलं, तर २०००१ × १, म्हणजे अचूक २०००१. कागदावर दोन्ही बाजू सारख्या, पण यंत्रात नाहीत. आठवीचं सूत्र प्रोग्रॅमची चूक वाचवतं.

तर काकूंच्या पोराचं काय झालं? पुढच्या चाचणीत त्याला वीसपैकी बारा मिळाले. फार मोठा पराक्रम नाही. पण मी पेपर मागून पाहिला. एका गणिताच्या बाजूला पेन्सिलीने छोटा चौरस काढून त्यात दोन रेघा मारल्या होत्या, आणि मधलं पद बरोबर होतं. गल्ल्यावर बसायचं की नाही हे अजून ठरायचंय. निदान ते 'डोक्यात गणित नाही' म्हणून ठरणार नाही.

तेव्हा या सुट्टीत घरी कुणी वही घेऊन आलं, तर तीन गोष्टी करा. सूत्र आधी सांगू नका, आधी आकडे घालून चूक त्यांनाच सापडू द्या. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि कात्री त्यांच्याच हातात द्या. आणि पाठांतर शेवटी होऊ द्या. सूत्र पाठ असणं वाईट नाही, परीक्षेत वेळ वाचतो. पण ते विसरलं तर दोन रेघा मारून परत मिळवता येतं, हे त्या पोरांना कळलं की गणिताची अर्धी भीती तिथेच जाते. एवढ्यासाठी आपला अर्धा तास गेला तर जाऊ दे. तसाही तो टीव्हीसमोरच जाणार असतो!