‘एन्ग्रोस्ड’ म्हणजे नुसतं ‘बिझी’ नव्हे

‘मी कामात एन्ग्रोस्ड आहे, नंतर फोन करते,’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर जी खरोखर एन्ग्रोस्ड आहे, तिला फोन वाजलेलाही कळणार नाही. हा शब्द नेमका आहे आणि तो नेमकेपणानेच वापरायला हवा.

गैरसमज : एन्ग्रोस्ड म्हणजे कामात असणं.
वस्तुस्थिती : बिझी माणसाचा वेळ अडकलेला असतो, एन्ग्रोस्ड माणसाचं लक्ष. बाहेर निघालेली मुलगी एका पायात चप्पल घालून दारातच उभी आहे, दुसरी चप्पल तशीच, आणि हातातल्या कादंबरीचं पान उलटतंय. तिला काम काहीच नाही, पण ती एन्ग्रोस्ड आहे.

गैरसमज : ‘ग्रोस’ म्हणजे किळसवाणं, तेव्हा शब्दात काहीतरी वाईट असणार.
वस्तुस्थिती : नातं ‘ग्रोस’शीच आहे, पण ‘ठोक, घाऊक’ या अर्थाशी. मूळ फ्रेंच ‘आँ ग्रो’, म्हणजे घाऊकीत. बारा डझनांचा ‘ग्रोस’ आणि किराणा विकणारा ‘ग्रोसर’ याच घराण्यातले. बाजारातला सगळा माल एकट्याने उचलणं म्हणजे ‘एन्ग्रोस’ करणं. धान्याची अशी साठेबाजी इंग्लंडमध्ये १५५२ च्या कायद्याने गुन्हा ठरली होती. पुढे माल उचलावा तसं एखादी गोष्ट सगळं लक्षच उचलून नेते, हा अर्थ रुळला. मोठ्या, सुबक अक्षरांत दस्त लिहून काढणं हाही याच शब्दाचा अर्थ. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा चर्मपत्रावर ‘एन्ग्रोस’ करावा, असा ठराव १९ जुलै १७७६ रोजी झाला होता.

गैरसमज : प्रीऑक्युपाइड म्हणजेही तेच.
वस्तुस्थिती : जवळजवळ उलट. मुलाच्या निकालाची काळजी लागलेली आई तांदूळ निवडताना खडे ताटातच ठेवते आणि चांगले दाणे बाजूला काढते. ती प्रीऑक्युपाइड आहे : हात इथे, मन तिथे. एन्ग्रोस्ड माणसाचं मन समोरच्याच गोष्टीत असतं.

गैरसमज : ‘आय ॲम एन्ग्रोसिंग इन द बुक’ चालतं.
वस्तुस्थिती : पुस्तक एन्ग्रोसिंग, वाचणारा एन्ग्रोस्ड. त्यापुढे बहुधा ‘इन’ येतो. उच्चारही ‘ग्रॉस्ड’ नाही. ‘ग्रो’ लांबवायचा आणि शेवटी ‘स्ट’ : ‘इनग्रोस्ट’.

गैरसमज : मराठीत ‘व्यस्त’ किंवा ‘व्यग्र’ म्हटलं की झालं.
वस्तुस्थिती : ‘व्यस्त’चा मूळ अर्थ विखुरलेला, उलटा. गणितातलं व्यस्त प्रमाण आठवा. ‘कामात असलेला’ हा त्याचा अर्थ हिंदीच्या वाटेने आला. ‘व्यग्र’ तर ‘एकाग्र’च्या विरुद्ध टोकाचा : लक्ष अनेक दिशांना फाकलेला. आपल्याकडे याहून चोख शब्द आहेत. ‘मग्न’ म्हणजे बुडालेला. अरबीतून आलेल्या ‘गर्क’चा अर्थही बुडालेलाच. ‘तल्लीन’ म्हणजे ‘त्यात लीन’, त्याच्यात विरघळलेला.

इंग्रजी शब्द बाजारातून आला आहे : समोरची गोष्ट आपलं लक्ष घाऊकीत उचलून नेते. मराठी शब्दांत आपलं मनच त्या गोष्टीत उतरतं, बुडतं, विरघळतं. म्हणून भाषांतर करताना आधी पाहावं, की लक्ष ओढलं गेलंय की मन आपणहून उतरलंय. सिनेमाने खिळवून ठेवलं असेल, तर ‘सिनेमाने गुंतवून टाकलं’ म्हणावं. रियाजाला बसलेल्या गायिकेला मात्र ‘तल्लीन’च म्हणावं. तिला कुणी ओढून नेलेलं नाही, ती स्वतःच सुरात उतरली आहे.