पाढ्यांची वही माळ्यावर

तीन मुले डोळ्यांसमोर आणा. पहिल्याला औटकी तोंडपाठ आहे. दुसऱ्याला नाही, पण त्याच्या घरी अंकलिपी आहे, आणि ती माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. तिसऱ्याकडे पाठांतरही नाही आणि अंकलिपीही नाही. आता तिघांना विचारा, सात औट किती? पहिला श्वासही न घेता ‘साडेचोवीस’ म्हणून मोकळा होतो. तिसरा बोटांवर साडेतीनात साडेतीन मिळवीत बसतो, पण थोड्या वेळाने का होईना उत्तरापाशी पोचतो. त्या वेळी दुसरा शिडी शोधत असतो! उत्तर त्याच्या घरात आहे, छापील आहे, त्यात चूक नाही; आणि तरीही तो सर्वांच्या मागे राहिला.

संगणकावर बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रांची, ज्यांना सगळे ‘इंजिन’ म्हणतात त्यांची, नेमकी हीच अडचण आहे. मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रविद्येशी माझा संबंध वर्गातला पंखा चालू करण्यापुरता. पण बुद्धिबळाचा नाद जुना आणि भाचा संगणकवाला, त्यामुळे हे प्रकरण मला चांगले जवळून पाहायला मिळाले.

इंजिन विचार करते म्हणजे काय करते? मी ही चाल केली तर तो काय करील, मग मी काय करीन, अशा फांद्या फोडीत जाते. साध्या घरगुती संगणकावरसुद्धा ते सेकंदाला दहा-वीस लाख स्थिती सहज चाळते. हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सतत नाचत असतो, आणि हौशी मंडळी त्याच्याकडे रिक्षाच्या मीटरकडे पाहावे तशी टक लावून पाहतात. आकडा चढला की खूश, उतरला की चेहरे उतरले.

दुसरीकडे, डावाच्या शेवटी पटावर मोजकेच मोहरे उरले की विचार करण्याची गरजच नसते, कारण त्या सर्व स्थितींची उत्तरे आधीच काढून ठेवलेली आहेत. ती काढण्याची युक्ती मोठी सुरेख आहे. सुरुवात मातेपासून करायची. जिथे राजाला मात बसलेली आहे अशा सर्व स्थिती मांडायच्या, आणि उलट्या पावलांनी मागे जायचे: कोणत्या स्थितीतून एका चालीत इथे येता येते? त्या स्थितीत कोणत्या स्थितीतून जबरदस्तीने ढकलता येते? असे मागे जात जात सगळी घरे भरली की जी उरतात ती बरोबरीची. यात अंदाज नाही, मत नाही. जे लिहिले ते त्रिकालाबाधित.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले केन थॉम्पसन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस वजीर विरुद्ध हत्ती या शेवटाचे असे कोष्टक तयार केले. वजीरवाला जिंकतो हे पुस्तकात लिहिलेलेच होते. वॉल्टर ब्राउन हा अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता. त्याने पैज मारली की मी वजीर घेतो, यंत्राने हत्ती घ्यावा, आणि पन्नास चालींच्या नियमात जिंकून दाखवतो. स्थिती एकतीस चालींत जिंकण्याजोगी होती. पण यंत्र असे काही विचित्र बचाव करू लागले, राजापासून हत्ती दूर नेण्यासारखे, की ब्राउनच्या पन्नास चाली संपल्या आणि पैज हातची गेली. गडी मात्र जिद्दीचा. अभ्यास करून पुन्हा आला, आणि बरोबर पन्नासाव्या चालीला हत्ती मारून पैसे वसूल करून गेला!

पुढे १९८३ मध्ये थॉम्पसन यांनी दोन उंट विरुद्ध एक घोडा हे प्रकरण काढले. १८५१ मध्ये क्लिंग आणि होरविट्झ यांनी घोड्याचा एक अभेद्य कोट दाखविला होता, आणि तेव्हापासून तो शेवट बरोबरीचा मानला जाई. कोष्टकाने सांगितले, नाही, सर्वसाधारणपणे उंटवाला जिंकतो. फार तर सहासष्ट चाली लागतील. सव्वाशे-दीडशे वर्षांचे पांडित्य एका रात्रीत निकालात निघाले. याच गोंधळात जागतिक संघटनेने काही शेवटांसाठी पन्नास चालींची मर्यादा काही काळ वाढविली, आणि १९९२ मध्ये पुन्हा पन्नासावर आणून ठेवली.

पण कोष्टक वाढते ते मारुतीच्या शेपटासारखे. राजे धरून पाच मोहऱ्यांपर्यंतचे मावते. सहाव्याला गाडी जड होते. युजीन नालिमोव यांच्या पद्धतीने सहा मोहऱ्यांचे कोष्टक सुमारे बाराशे गिगाबाइट भरे. मॉस्को विद्यापीठाच्या महासंगणकावर २०१२ मध्ये सात मोहऱ्यांचे काम पुरे झाले, त्याला १४० टेराबाइट जागा लागली. स्थिती किती? ४२३ लाख कोटींहून अधिक. त्यात एक अशी निघाली की दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळले तर मात व्हायला ५४९ चाली लागतात. ती खेळून पाहण्याइतका वेळ देव कोणालाही न देवो.

एवढे पुस्तक इंजिनाने विचाराच्या ओघात चाळायचे म्हणजे माळ्यावरची ट्रंक आलीच. संगणकाची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क ही फिरती तबकडी. तिच्यावरच्या हव्या त्या जागी सुई न्यायला साधारण एक शतांश सेकंद लागतो. आपल्या हिशेबाने हे काहीच नाही. पण सेकंदाला दहा लाख स्थिती पाहणाऱ्याच्या दृष्टीने एका शतांश सेकंदात दहा हजार स्थिती पाहून झाल्या असत्या! म्हणजे एक उत्तर शोधायला गेला आणि दहा हजार गणिते राहिली. तबकडी नसलेल्या नव्या एसएसडीवर हाच फेरा शंभर स्थितींच्या मोलाचा पडतो. आणि ते पान नुकतेच वाचलेले असून संगणकाच्या रॅममध्येच पडून असेल, तर खर्च जवळजवळ नाहीच. औटकी पाठ असलेल्या मुलासारखे.

आमच्या वर्गात ज्ञानेश्वरी शिकवताना दरवर्षी एक असा विद्यार्थी भेटतो, जो प्रत्येक शब्दाला कोश उघडतो. त्याचा अभ्यास चोख, पण ओवी पुरी होत नाही. चांगला वाचक अडेल तिथेच कोश उघडतो, आणि तोही ज्या शब्दावर साऱ्या ओवीचा अर्थ लटकला आहे त्यासाठी. इंजिनाला हेच शिकवावे लागते. फांदीच्या बुंध्याशी कोष्टक पाहिले तर एका उत्तराने खालची सारी फांदी छाटली जाते, हजारो स्थिती वाचतात. शेंड्याशी पाहिले तर वाचतात चार पाने. म्हणून स्टॉकफिशसारख्या इंजिनात एक कळ ठेवलेली असते: पुढचा विचार अमुक इतका खोल बाकी असेल तरच कोष्टक उघड, नाही तर आपल्या डोक्याने चाल. डिस्क मंद असेल तर ही मर्यादा वाढवावी.

या कामात खरी कमाल केली ती रोनाल्ड डी मान यांनी. त्यांनी २०१३ मध्ये ‘सिझिजी’ नावाची कोष्टके आणली. (हा शब्द ज्योतिषातला. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत येणे, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला जे घडते ते.) त्यांनी वहीचे दोन भाग केले. एका वहीत फक्त निकाल: जीत, हार, बरोबरी. दुसरीत पुढचा मोहरा मारायला किंवा प्यादे हलवायला किती चाली लागतील त्याची मोजणी. विचार करताना इंजिनाला पहिली वही पुरते. प्रत्यक्ष पटावरची स्थिती कोष्टकात शिरली की मगच दुसरी लागते. सहा मोहऱ्यांपर्यंतच्या दोन्ही वह्या मिळून सुमारे दीडशे गिगाबाइट, आणि त्यातली निकालाची वही निम्म्याहूनही लहान. शिवाय निकाल विचारायचा तो मोहरा मारल्यावर किंवा प्यादे हलल्यावर लगेच, पन्नास चालींची मोजणी शून्यावर असताना, एरवी नाही. एवढ्यानेच कितीतरी फेऱ्या वाचल्या. जी जीत पन्नास चालींत बसत नाही तिला तेथे ‘शापित विजय’ म्हणतात, आणि तशीच वाचलेली हार ती ‘वरदान लाभलेला पराभव’. यंत्रवाल्यांच्या परिभाषेत असे पौराणिक नाटक सापडेल हे मला कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

आता भाच्याची गोष्ट. तो पत्राने खेळतात ते बुद्धिबळ खेळतो. हल्ली पत्रे जातात ती संगणकावरून, आणि त्या खेळात इंजिनाची मदत घ्यायला उघड परवानगी आहे. वरच्या वर्गात जाण्यासाठी त्याला एक शेवटचा डाव जिंकणे भाग होते. दोन वर्षांची मेहनत त्या डावावर टांगलेली. पटावर आठ मोहरे: दोघांकडे राजा, हत्ती, घोडा आणि प्यादे. ह्याचे प्यादे पुढे गेलेले. आठ मोहऱ्यांचे संपूर्ण कोष्टक जगात कोणाकडेच नाही, सातांचे घरात मावत नाही. सहांचे त्याच्या जुन्या फिरत्या डिस्कवर होते. प्रश्न असा की घोडे मारामारीत घालवावेत की हत्ती? आणि अदलाबदल लगेच होणारी नव्हती. त्याआधी राजा कुठे उभा करायचा, प्यादे कोणत्या घरात असावे, यावर सारे अवलंबून. म्हणजे नुसते कोष्टक पाहून भागेना. इंजिनाने शोधत जायचे आणि शेकडो वाटांच्या टोकाशी कोष्टक विचारायचे.

कोष्टक जोडले, आणि पडद्यावरचा वेगाचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. डिस्क कुरकुरू लागली. भाचा हवालदिल.

“मामा, बंदच करतो कोष्टक. हे बैलगाडीने चालले आहे.”

“बंद केल्यावर ते काय म्हणते?”

“घोडे घालव म्हणते. मला फायदा दाखवते.”

“किती दिवसांपासून तेवढाच फायदा दाखवते?”

तो गप्प झाला. फायदा खरा असेल तर खोल जाईल तसा वाढायला हवा. हा आठवडाभर होता तिथेच होता. हत्तींचे शेवट बरोबरीकडे झुकतात आणि घोड्यांचे शेवट प्याद्यांच्या शेवटांसारखे असतात, पुढे गेलेल्या प्याद्याला तिथे मोल चढते, हे इंजिनांच्या आधीच्या पुस्तकांतूनही लिहिलेले आहे. माझा कल हत्ती घालवण्याकडे होता. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

मग त्याला वहीचे दोन भाग आठवले. त्याच्या एसएसडीवर जागा थोडी, दीडशे गिगाबाइट मावणार नव्हते. पण निकालाची वही तेवढी मावत होती! मोजणीची वही राहिली जुन्या तबकडीवर. आठ मोहरे पटावर असेपर्यंत तिच्याकडे कोणी फिरकणारच नव्हते. कळही थोडी फिरवून ठेवली, की उठसूट कोष्टक उघडू नये. आकडा पूर्वीइतका चढला नाही, पण पुष्कळ सुधारला. रात्रभर यंत्र चालले. सकाळी घोड्यांची वाट सपशेल बरोबरी म्हणून कापली गेली होती, आणि हत्तींच्या वाटेवर, राजा दोन घरे आधी वळवला तर, जीत उभी होती.

त्या आकड्याचे वेड मला तेव्हापासून बालिश वाटू लागले आहे. मीटर किती पडले यापेक्षा स्टेशन आले की नाही हे पाहावे. २०२० मध्ये स्टॉकफिशने स्थितीचे मोल ठरवायला मेंदूच्या जाळ्याच्या धर्तीची नवी रचना घेतली, तेव्हाही सेकंदाला चाळल्या जाणाऱ्या स्थिती बऱ्याच घटल्या होत्या, आणि इंजिन पूर्वीपेक्षा कितीतरी बळकट झाले. नव्या रचनेला शेवटही पुष्कळ समजतात, म्हणून रोजच्या खेळात कोष्टकाचा फायदा आता पूर्वीइतका दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण अशा कुंपणावरच्या स्थितीत त्याच्यावाचून खात्री नाही.

प्रतिस्पर्ध्याने उत्तराला अकरा दिवस लावले. चार चालींनी हत्ती गेले, पटावर सहा मोहरे राहिले. या खेळात कोष्टकाच्या आधारे विजयाचा दावा करता येतो. भाच्याने तो केला आणि तो मान्य झाला. डाव तिथेच थांबला. माझी बहीण आजोबांच्या हाताखाली बुद्धिबळ शिकलेली, प्यादेमातीखेरीज दुसऱ्या विजयाला विजय न मानणारी. ती फराळाचे ताट घेऊन आली, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “जिंकलास म्हणतोस, मग ह्याचा राजा अजून हिंडतोय कसा?”