चार पौंडांची शिस्त

इनॉक वेस्ट हे नाव वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. मँचेस्टर युनायटेड मात्र आज आपल्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. माझ्या वर्गातली दोनचार मुले तर त्या क्लबाची लाल जर्सी चढवूनच व्याकरणाच्या तासाला येऊन बसतात. वेस्ट हा त्याच क्लबाचा एके काळचा फॉरवर्ड. १९१५ साली त्याला फुटबॉलची दारे बंद झाली, ती उघडली १९४५ साली. तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता!

त्याच्यावर ठेवलेला आरोप आधी सांगतो. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडेचा दिवस. महायुद्ध सुरू होऊन आठ महिने झालेले. मोसम संपला की लीगचे सामने बंद होणार आणि सामन्यांबरोबर पगारही, असा रंग दिसत होता. अशा वेळी ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड आणि लिव्हरपूल यांची गाठ पडली. युनायटेडने दोन गोल केले, दोन्ही जॉर्ज अँडरसनचे. मध्येच युनायटेडला पेनल्टी मिळाली, तर ओकॉनेलने चेंडू गोलाच्या कितीतरी बाहेरून धाडला. उलट लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमने एक फटका आडव्या दांडीवर हाणला, तेव्हा त्याचेच सोबती त्याच्यावर चिडले! सामना २-० असाच संपला. आणि नेमक्या २-० या आकड्यावर बुकींकडे सातास एक या भावाने पुष्कळ पैसा लागलेला होता.

चौकशी बसली. डिसेंबरात निर्णय झाला. लिव्हरपूलचे शेल्डन, मिलर, पर्सेल आणि फेअरफूल, युनायटेडचे टर्नबुल, व्हॉली आणि वेस्ट, शिवाय चेस्टरचा कुक, अशा आठ जणांवर जन्मभराची बंदी आली. यातले टर्नबुल आणि व्हॉली त्या सामन्यात खेळलेदेखील नव्हते. युनायटेडच्या तिघांपैकी मैदानावर उतरला होता तो एकटा वेस्ट.

आता पुढची गंमत पाहा. सामना खोटा ठरला, पण त्याचा निकाल मात्र खरा राहिला! मोसमाच्या शेवटी युनायटेड ३० गुणांवर अठरावे आले, चेल्सी २९ गुणांवर एकोणिसावे. आणि तळच्या दोघांना खालच्या वर्गात जायचे होते. म्हणजे युनायटेडला तारले ते त्या गुड फ्रायडेच्या दोन गुणांनी. ते गुण कुणी काढून घेतले नाहीत, क्लबाला दंडही झाला नाही. पुढे १९१९ साली पहिल्या वर्गातल्या संघांची संख्या वीसवरून बावीस केली गेली आणि चेल्सीलाही तिथेच ठेवून घेतले. क्लबांचे असे आपसांत मिटले.

मी मराठीचा मास्तर, तेव्हा एका शब्दाविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. ‘शिस्त’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि जुन्या मराठीत त्याचा एक अर्थ नेम असा आहे. बंदुकीची शिस्त धरायची म्हणजे नेम धरायचा. फुटबॉलच्या शिस्तीची ही प्रकरणे वाचताना मला तो जुना अर्थच पुन्हापुन्हा आठवतो. नेम बहुधा खेळाडूवर.

या प्रकरणाचे मूळ शोधायचे तर थोडे मागे जायला हवे. १९०१ सालापासून इंग्लंडात नियम होता की खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक पगार द्यायचा नाही. ज्याला पाहायला हजारो माणसे तिकीट काढून येत, त्याचा भाव चार पौंड! अर्थात चांगला खेळाडू हवा असलेले क्लब उरलेले पैसे टेबलाखालून देत. मँचेस्टर सिटीचा बिली मेरेडिथ हा त्या काळचा बिनीचा विंगर. दात कोरायची काडी तोंडात धरून खेळायचा. १९०५ साली ॲस्टन व्हिलाच्या ॲलेक लीकला दहा पौंडांची लाच देऊ केल्याबद्दल त्याच्यावर बंदी आली. क्लबाने हात झटकले. पण मेरेडिथही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने क्लबाच्या चोरट्या पगारांचे बिंगच फोडले! १९०६ साली सिटीचे सतरा खेळाडू एका फटक्यात निलंबित झाले. मॅनेजर टॉम मेलीही या वेळी सुटला नाही, हे नमूद केले पाहिजे. क्लबाला दंड झाला तो अडीचशे पौंड.

त्या सतरांतला एक होता सँडी टर्नबुल. होय, १९१५ च्या यादीतलाच. सिटीतून तो आणि मेरेडिथ दोघेही युनायटेडमध्ये आले, आणि १९०९ च्या एफ. ए. कप फायनलमधला एकुलता एक गोल या टर्नबुलनेच केला. लबाडीचे समर्थन मला करायचे नाही. तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला फसवले, हा गुन्हाच. पण ज्या धंद्यात खरी कमाई टेबलाखालूनच होत होती, त्या धंद्यात ही माणसे वाढली होती, हेही विसरता येत नाही.

वेस्ट गप्प बसला नाही. त्याने असोसिएशनवर बदनामीचा दावा लावला आणि १९१७ साली तो हरला. तो निर्दोष होता असे मी म्हणत नाही. कोर्टानेही ते मानले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात टर्नबुल आरासच्या लढाईत मारला गेला. १९१९ साली युद्धातल्या सेवेची कदर म्हणून इतरांच्या बंद्या उठवल्या गेल्या, त्यात टर्नबुलचीही. मेलेल्या माणसाला खेळायची परवानगी मिळाली; जिवंत असलेल्या वेस्टला मात्र नाही. आपण निर्दोष आहोत हे म्हणणे त्याने कधी सोडले नाही.

मेरेडिथ मात्र पुन्हा सिटीकडे जाऊन १९२४ पर्यंत, पन्नाशीला टेकेपर्यंत खेळत राहिला.

आणि तो पगाराचा नियम? आकडा वाढत वाढत वीस पौंडांवर गेला होता. १९६१ च्या जानेवारीत, खेळाडूंनी संपाची धमकी दिल्यावर, तो नियमच रद्द झाला. त्याच वर्षी फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले, उघडपणे, टेबलावरून. तेव्हा इनॉक वेस्ट पंचाहत्तरीला आला होता. आणखी चार वर्षांनी, १९६५ साली, तो वारला.