सात मात्रांचा रस्ता

इंदूरहून नागपूरकडे जाणारा हमरस्ता डबलचौकी, चापडा करीत कन्नौदला येतो आणि पुढे खातेगाव, नेमावर घेऊन नर्मदेपलीकडे हंडिया-हरद्याकडे उतरतो. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४७ म्हणतात. जुन्यांच्या तोंडी मात्र अजून ५९-ए हाच आकडा आहे. आपल्या मराठी घरांना हा रस्ता परका नाही. कन्नौद होळकरशाहीतले गाव, नेमावरला सिद्धनाथाचे दर्शन, आणि नागपूरकडे कोणाची तरी सासरमाहेरची माणसे असायचीच. तेव्हा रस्त्याची गोष्ट निघाली की आपण ती लांबीने सांगतो: इंदूर किती वाजता सोडले, हरदा किती वाजता गाठले.

कन्नौदच्या माणसाला हा रस्ता लांबीने फारसा लागत नाही. त्याला तो आडवा लागतो. घर एका बाजूस, शाळा, दवाखाना किंवा शेत दुसऱ्या बाजूस. मंडीच्या दिवसांत गव्हाच्या, सोयाबीनच्या ट्रॉल्या, अमावास्येला नेमावरकडे पायी निघालेली माणसे, आणि सकाळ-संध्याकाळ सायकलींवरची मुले. मध्य प्रदेश शासन परगावच्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना सायकली देते, ही गोष्ट चांगलीच आहे. तिच्यामुळे कितीतरी मुलींची शाळा पुढे चालू राहिली. पण सायकल दिली म्हणजे रस्ता दिला असे होत नाही.

मी गाणे शिकविणारा माणूस. हिशेब मात्रांत करण्याची सवय. एक सेकंद म्हणजे एक मात्रा धरा. दुपदरी रस्ता साधारण सात मीटर रुंद. गुडघे धरलेली आजी सेकंदाला मीटरभर चालते, म्हणजे तिला पलीकडे पोचायला रूपकाचे एक आवर्तन लागते. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका मात्रेत २२ मीटर, आणि तेवढ्या आवर्तनात दीडशे मीटरांहून अधिक अंतर कापते. म्हणजे पहिले पाऊल टाकताना आजीला दीडशे मीटरांपलीकडची गाडी दिसली पाहिजे, तिचा वेग अजमावता आला पाहिजे, आणि मध्येच चप्पल निसटता कामा नये! चालकाचीही एक मात्रा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच खर्च होते. ताशी ३० च्या वेगात त्या मात्रेत गाडी आठ मीटर जाते, ८० च्या वेगात बावीस. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. हा हिशेब आजीने करायचा की स्टिअरिंगवर बसलेल्याने?

अपघात झाला म्हणजे मात्र जमलेल्या गर्दीचा निकाल ठरलेला असतो. ‘पोरीने पाहायला नको होते का?’ पाहायला हवे, हे खरेच. परंतु पाहणे हे दोघांचे काम असून दंड एकालाच होतो, आणि तोही जीवाचा. देशात २०२३ साली रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत ३५ हजारांवर नुसती पायी चालणारी होती. चालणाऱ्याच्या धडकेने गाडीवाला गेल्याचे कोणी ऐकले आहे काय?

हॉर्नची गोष्ट याच्याच पोटातली. हॉर्न म्हणजे सावधगिरीची सूचना, असा आपला समज. वास्तविक आपल्या रस्त्यांवर तो जबाबदारी उतरवून ठेवण्याचे साधन झाला आहे. मी वाजविला, आता तुझे तू पाहा. ज्यांची नजर मंदावली आहे ती वडीलधारी माणसे पुष्कळदा कानांवर रस्ता ओलांडतात. प्रेशर हॉर्नच्या कल्लोळात मागून येणारी दुसरी गाडी त्यांना ऐकूच येत नाही. आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांना तर मुळी आवाजच थोडा.

कायदा आजीच्या बाजूचा नाही असे मात्र नाही. २०१७ च्या वाहन चालविण्याच्या विनियमांनी पादचारी पट्ट्यांपाशी वेग कमी करून चालणाऱ्याला वाट देण्याचे ओझे चालकावरच घातले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूस ५ लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये भरपाई ठरविली. त्याच दुरुस्तीने पादचारी आणि सायकलींविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. पण राज्ये स्वस्थ राहिली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सहा महिन्यांत हे नियम करा. विलायतेत रस्त्यावर काळे-पांढरे पट्टे कायद्याने आले १९५१ साली. तिथल्या नियमपुस्तकाने २०२२ पासून जबाबदारीची उतरंडच लावून दिली आहे: ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्याने अधिक जपावे. ट्रक सर्वांत वर, मग मोटार, खाली सायकल, आणि तळाशी चालणारा.

या उतरंडीत सायकलस्वार सुटत नाही, हे आमच्या शिष्यमंडळींनी ध्यानात घ्यावे. मोटारीपुढे तो दुबळा, आजीपुढे बलवान. पट्ट्यांवरून घंटी वाजवीत माणसे बाजूला सारणारा सायकलवाला ट्रकवाल्याचीच नक्कल करीत असतो. पट्टे ओलांडताना उतरून सायकल हाती धरावी. रात्री पुढे दिवा, मागे तांबडी काच असावी. उलट्या बाजूने येण्याचा दोष मात्र नुसता त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. दुभाजकातली फट किलोमीटरभर दूर ठेवली, तर शाळेची घंटा ऐकणारे पोर वळसा घेईल काय?

या मार्गाच्या चौपदरीकरणाची कामे अलीकडे निघाली. चार पदरांचा रस्ता म्हणजे दोन आवर्तने झाली. मध्ये दुभाजकात माणूस आणि सायकल उभी राहील एवढी जागा ठेवली, तर निदान मध्ये श्वास घेता येतो. बायपासने ट्रक गावाबाहेर जातात, पण शेताकडची पायवाट त्यालाही आडवी असतेच. कन्नौदसारख्या गावी हवे ते फार महाग नाही: शाळेपाशी आणि बाजारापाशी रस्त्यापेक्षा थोडे उंच केलेले पट्टे, म्हणजे चालकाची इच्छा असो नसो, गाडी मंदावेल, त्यांवर रात्री दिवा, आणि बसचा थांबा पट्ट्यांच्या पुढे, म्हणजे उतरलेला माणूस बसच्या आडून अचानक रस्त्यात येणार नाही. पट्टे एका पावसाळ्यात पुसट होतात. ते पुन्हा मारण्याचे काम महामार्गवाल्यांचे की नगर परिषदेचे, एवढे तरी तिथल्या खांबावर लिहून ठेवावे.