स्थानसजग सर्वव्यापी संगणन : चिचगड परिसरातील वीज-सूचनेच्या संदर्भात

प्रस्तावना :
संगणक हा स्वतंत्र यंत्र म्हणून डोळ्यांसमोर न राहता भोवतालात मिसळून जावा, हा विचार मार्क वायझर यांनी १९९१ साली मांडला. यालाच सर्वव्यापी संगणन असे म्हणतात. व्यक्तीचे स्थान जाणून सेवा देणारी व्यवस्था ही स्थानसजग होय.

कार्यपद्धती :
पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे ॲप या प्रकारचे उत्तम उदाहरण आहे. वीज चमकताच निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी निरनिराळ्या ठिकाणच्या संवेदकांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. ही लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर अंतर कापते. त्यामुळे कालभेदावरून विजेचे स्थान निश्चित करता येते. मोबाइलचे स्थान किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून कळते. दोन्ही स्थानांची तुलना करून २० व ४० किलोमीटर परिघातील विजेची सूचना दिली जाते.

स्थानिक संदर्भ :
देवरी तालुक्यातील चिचगड हा वनव्याप्त व धानशेतीचा परिसर आहे. रोवणी पावसाळ्यात, उघड्या बांधीत व पाण्यात उभे राहून करावी लागते. विजेचा धोका आणि कामाचा हंगाम एकाच वेळी येतात. सूचना इंटरनेटवर अवलंबून असल्याने नेटवर्क नसलेल्या शिवारात ती पोहोचत नाही. मोबाइल घरी ठेवून आलेल्या मजुराला तिचा उपयोग होत नाही. म्हणजेच, व्यवस्था माणसाचे नव्हे तर मोबाइलचे स्थान जाणते.

रचनेची दिशा :
सेल प्रसारण पद्धतीत टॉवरच्या क्षेत्रातील मोबाइलवर ॲपशिवाय संदेश जातो. भारतात २०२३ मध्ये तिच्या देशव्यापी चाचण्या झाल्या. याला ग्रामपंचायतीच्या भोंग्याची जोड दिल्यास सूचना व्यक्तीपुरती न राहता संपूर्ण शिवाराची होईल. संदेश मराठीत, थोडक्यात व कृती सांगणारा असावा : बांधीतून बाहेर या, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

निष्कर्ष :
यंत्रणा बंद पडली तरी सुरक्षितता टिकली पाहिजे. वीज दिसणे व गडगडाट ऐकू येणे यांत ३० सेकंदांहून कमी काळ गेल्यास वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत असते. हे साधे गणित शाळा-महाविद्यालयांतून शिकविणे हाही या रचनेचाच भाग मानावा लागेल. वातावरणाशी एकरूप होणारे तंत्रज्ञान प्रथम तेथील श्रमजीवनाशी एकरूप व्हावे लागते.