विणकाम येतं? मग एकदा डॉक्टरांशी बोलून बघा!



नवीन लोकांकडून एक वाक्य मी कायम ऐकतो : "सर, मला विणकाम येतं, पण ते तर सगळ्यांनाच येतं." मग सुरू होते भावाची मारामारी. शेजारच्या ताईंनी पर्स ३०० ला दिली, म्हणून आपण २५० ला. शेवटी धाग्याचे पैसेही सुटत नाहीत.

आज एका विणकाम करणाऱ्या बाईंची गोष्ट सांगतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काचेच्या लांबलचक टेबलात दोन कापडं मांडली आहेत. प्रत्येक दहा मीटरहून लांब. जवळ गेलं की कळतं, ही नक्षी नाही. जाळीच्या बारीक बारीक खिशांत औषधाच्या गोळ्या आहेत! प्रत्येक कापडात १४,००० हून जास्त.

हे कापड सुझी फ्रीमन यांचं. त्यांची खासियत म्हणजे खिशाचं विणकाम. तंगूसासारखा बारीक पारदर्शक नायलॉनचा धागा घ्यायचा, विणता विणता छोटा खिसा करायचा, त्यात वस्तू ठेवायची आणि पुढच्या ओळीने खिसा बंद. आधी त्या अशा खिशांत टिकल्या, पिसं असल्या वस्तू अडकवायच्या. दिसायला सुंदर!

मग १९९८ च्या सुमारास त्यांनी डॉ. लिझ ली यांच्यासोबत काम सुरू केलं. या डॉक्टर म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारख्या. पुढे व्हिडिओ कलाकार डेव्हिड क्रिचली यांच्यासह तिघांनी 'क्रेडल टू ग्रेव्ह' म्हणजे 'पाळण्यापासून थडग्यापर्यंत' ही कलाकृती केली. साल २००३.

प्रश्न साधा होता : ब्रिटनमधला एक माणूस जन्मभरात डॉक्टरांनी लिहून दिलेली किती औषधं घेतो? एक कापड पुरुषाचं, एक बाईचं. दोघांची सुरुवात जन्मानंतरच्या इंजेक्शनने आणि लसींनी. पुरुषाचं पन्नाशीपर्यंत तसं बरं चाललंय. पुढे ब्लड प्रेशर, हार्ट अटॅक. पहिल्या ६६ वर्षांत घेतल्या तेवढ्या गोळ्या त्याने शेवटच्या दहा वर्षांत घेतल्या. आकडा वाचून आपण विसरतो. पण कापडाच्या कडेने चालत गेलात, तर आपल्या घरातला गोळ्यांचा डबा आठवल्याशिवाय राहत नाही.

यातून आपण काय घ्यायचं?

१. कला तीच, प्रश्न नवा. खिसा तोच होता, आत काय ठेवायचं ते बदललं. तुमची टाकेही तीच राहू दे. ती कोणाचं म्हणणं सांगू शकते, ते शोधा.

२. दुसऱ्या क्षेत्रातला माणूस गाठा. कोणतं औषध कोणत्या वयात, किती दिवस, हे विणणाऱ्याने अंदाजाने ठरवून चालत नाही. आरोग्याच्या विषयात माहिती चुकली की सगळंच कोसळतं. फिजिओथेरपिस्ट, नर्सताई, जीवशास्त्राचे सर... ओळखीत कोणीतरी असतंच.

३. नाव आणि वाटा आधी ठरवा. या कामावर तिघांचीही नावं आहेत. आपल्याकडे "बघू नंतर" म्हणतात आणि तिथेच भागीदारी तुटते. कोणाचं नाव, कोणाला किती, हे कागदावर लिहा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ही कलाकृती दुकानात विकायचा माल नव्हती, ती म्युझियमसाठी केली होती. त्यामुळे उद्यापासून गोळ्यांच्या पर्स विणायला घेऊ नका! औषधं लहान मुलांच्या हाताला लागली तर जिवाशी खेळ होईल. घ्यायची ती विचाराची पद्धत.

या आठवड्याचा गृहपाठ : वहीत तुम्हाला येणारी एक कला लिहा. समोर, तुमच्या क्षेत्राबाहेरच्या तीन ओळखीच्या माणसांची नावं. त्यातल्या एकाला चहाला बोलवा आणि एवढंच विचारा, "तुमच्या कामातली अशी कोणती गोष्ट आहे, जी लोकांना सांगूनही कळत नाही?"

उत्तर नीट ऐका. कदाचित तुमचं पुढचं प्रॉडक्ट तिथेच असेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!